कारण नमूद नाही

समोरच्या इमारतीतल्या भाभींचा मोठा मुलगा गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वर आला. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात झेरॉक्सच्या दुकानातून नुकतेच काढलेले दोन कागद, अजून कोमट. "काकू, तुम्ही पर्सोनेलला होतात ना? जरा नजर टाकता का?" मेकॅनिकलचा डिप्लोमा, एका छोट्या युनिटमध्ये सीएनसीवर काम केल्याचा अनुभव, ड्रॉइंग वाचता येतं, कुठल्याही शिफ्टची तयारी. सीव्ही आटोपशीर होता. खटकलं ते अगदी वरच. ठळक अक्षरांत पहिलं नाव आणि त्यापुढे नुसतं एक अक्षर, टिंब देऊन. मी पेन काढलं, म्हटलं, "अरे, वडिलांचं नाव, आडनाव राहिलंय." तो म्हणाला, "राहिलं नाही काकू, काढलंय." समास थोडा कमी केलाय असं सांगावं तितक्या सहज. त्याचं पहिलं नाव असं आहे की ते आमच्यातही चालतं आणि मुसलमानांतही. आडनाव काढल्यापासून फोन यायला लागले होते, मुलाखतीही होत होत्या. पुढे आधार कार्ड मागितलं की मात्र समोरच्याचा आवाज बदलायचा आणि "आम्ही कळवतो" यायचं. खालून भाभींची हाक आली. तो "आलो अम्मी" म्हणून उठला आणि जाता जाता विचारलं, फाँट ठीक आहे ना, की थोडा मोठा करू?

ते फाँटचं विचारणं डोक्यातून जाईना. तो चिडला असता, देशाला किंवा नशिबाला बोल लावला असता, तर मी चार समजुतीच्या गोष्टी सांगून मोकळी झाले असते. त्याने तसं काहीच केलं नाही. अनुभवाने एक गोष्ट शिकला होता आणि ती वापरत होता, हत्यार कुठल्या कोनात धरलं की जॉब नीट बसतो हे शिकावं तशी. आणि मला छळत होती ती आणखी एक गोष्ट. समजा, उद्या हा मुलगा माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "काकू, हे कायद्यात बसतं का? मी कुठे जाऊ?" तर माझ्याकडे उत्तर काय होतं? उभी हयात मी कामगार कायद्यांच्या पुस्तकांत घालवली. त्या रात्री कपाटातून ती पुस्तकं पुन्हा काढली.

नाशकातल्या सातपूरच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला लागले आणि तिथून पर्सोनेलला गेले. एचआर हा शब्द नंतर आला, खुर्च्या बदलल्या तेव्हा. आमची खोली शॉपला लागून होती, त्यामुळे फायलींनाही कूलंटचा वास यायचा. नोकरीच्या अर्जाचा छापील फॉर्म पिवळट कागदावर असे आणि त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, ओळखीच्या दोन व्यक्तींची नावं असे रकाने. धर्म कशाला हवा, म्हणून मी एकदा साहेबांना विचारलं होतं. "पहिल्यापासून आहे," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. मेन रोडवरच्या छापखान्यात फॉर्म संपले की जुना नमुना जायचा आणि तसाच छापून यायचा. ज्याने तो पहिल्यांदा बनवला त्याला काय अभिप्रेत होतं, कोणाला ठाऊक. निवडलेल्यांच्या फायली व्हायच्या. न निवडलेल्यांच्या अर्जांवर तांबड्या पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढली जायची, मग ते सुतळीने बांधून माळ्यावर जात आणि पुढे रद्दीत. अमुक माणूस त्याच्या धर्मामुळे नको, असं त्या गठ्ठ्यांमधल्या एकाही अर्जावर लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. का नको, हेच मुळात कुठे लिहिलेलं नसे.

कारणाचा रकाना त्या फॉर्मवर नव्हता.

आता कायदा. राज्यघटनेचं सोळावं कलम सरळ आहे: राज्याच्या अखत्यारीतल्या नोकरीसाठी निव्वळ धर्मावरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही, भेदभाव करता येणार नाही. आणि सरकारी भरतीत हे नुसतं पुस्तकात राहत नाही, कारण तिथे कागद तयार होतात. जाहिरात असते, पात्रतेच्या अटी असतात, गुणवत्ता यादी लागते. २००५ च्या माहिती अधिकाराने गुण मागता येतात, २०११ पासून तर आपली तपासलेली उत्तरपत्रिकाही बघायला मागता येते. काही गडबड वाटली तर राज्य सरकारी नोकरीसाठी मॅट, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरण, आहे, वर हायकोर्ट आहे. केंद्राच्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. कारण भ्रष्टाचाराचं दिलं गेलं, पण मला त्यात दुसराही फायदा दिसला. मुलाखत म्हणजे समोरच्याचं तोंड बघून ठरवण्याची जागा. ती गेली की तेवढी वाट बंद. हे सगळं निर्दोष आहे असं नाही. हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाचं दाढीचं प्रकरण २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टात हरलं, हिजाबच्या प्रश्नावर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले आणि तो प्रश्न मोठ्या खंडपीठाच्या वाटेवर राहिला. तरी तिथे भांडायला जागा आहे, समोर एक कागद आहे, त्यावर एक कारण आहे आणि ते चूक की बरोबर हे ठरवणारं कोणीतरी आहे. भाभींच्या मुलाने अर्ज केले होते ते अंबडच्या, सातपूरच्या, चाकणच्या खासगी कंपन्यांत. सोळावं कलम त्यांच्या गेटपाशी थांबतं.

पंधराव्या कलमाचा दुसरा भाग वाचताना दर वेळी मला थोडं भरून येतं. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. या ठिकाणी धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही. महाडचं तळं आणि आमच्या नाशकातला १९३० चा काळारामाचा सत्याग्रह माहीत असलेल्या माणसाला ही यादी कुठून आली हे सांगावं लागत नाही. आणि हे बंधन फक्त सरकारवर नाही, दुकानदारावरही आहे. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी दुकान म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न निघाला तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा अर्थ चांगला ऐसपैस केला. जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, तो त्यात आला. त्याच खुलाशाचा आधार घेऊन सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये खासगी शिक्षणसंस्थांनाही या कलमाखाली आणलं. म्हणजे आज भाभींचा मुलगा एखाद्या शोरूममध्ये गिऱ्हाईक म्हणून गेला आणि त्याच्या धर्मावरून त्याला हाकललं, तर राज्यघटना थेट त्याच्या बाजूने उभी राहते. त्याच शोरूममध्ये दुसऱ्या दिवशी तो कामाला ठेवा म्हणून गेला तर ती बाहेर थांबते. पैसे द्यायला आत या, कमवायला येऊ नका. घटना लिहिणाऱ्यांच्या मनात असं काही नसणार. १९४८ मध्ये चांगली नोकरी म्हणजे सरकारी नोकरी, एवढाच हिशेब असावा. पण सरकारी नोकऱ्या आटत गेल्या. सरकारी पदंसुद्धा खासगी एजन्सीमार्फत भरण्याचा शासन निर्णय २०२३ मध्ये महाराष्ट्रात निघाला होता, ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. सरकारी हॉस्पिटलच्या दारातला गार्ड आणि आतला डेटा एंट्रीवाला बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराचाच असतो. ज्या दारावर सोळाव्या कलमाची पाटी आहे ते दारच लहान होत चाललंय.

मग खासगीत कधीच काही होत नाही का? एकदा झालं होतं, आणि ते कसं झालं हे बघण्यासारखं आहे. २०१५ च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका हिरे निर्यात कंपनीकडे एका एमबीए झालेल्या तरुणाने अर्ज केला. पंधराएक मिनिटांत उत्तर आलं: आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो. त्याने ते उत्तर फेसबुकवर टाकलं, देशभर गाजलं, अल्पसंख्याक आयोगाने दखल घेतली, पोलिसांनी गुन्हा नोंदवला. कंपनीने सांगितलं की एचआरमधल्या प्रशिक्षणार्थीची ती चूक होती, आमचं असं धोरण नाही. गुन्ह्याचं कलम कोणतं? नोकरीतल्या भेदभावाचं नाही, तसं कलमच नाही. दंडसंहितेचं १५३ ब लावलं, राष्ट्रीय एकात्मतेला बाधक विधानांचं. आता न्याय संहितेत ते १९७ आहे. म्हणजे एखाद्या धर्माच्या लोकांना हक्क नाकारा, असं बोलणं किंवा लिहिणं हा गुन्हा. प्रत्यक्ष नाकारणं नव्हे, म्हणणं. मला त्या प्रशिक्षणार्थीचं फार नवल वाटतं. वय किती असेल, कोणी काय सांगितलं असेल की स्वतःच्या मनाने लिहिलं असेल, देव जाणे. पण अर्जदाराला खरं कारण कळवणारं त्या बाजारातलं तेवढं एकच माणूस निघालं. त्याच्या जागी कोणी मुरलेला मॅनेजर असता तर त्याने लिहिलं असतं, "आपला बायोडेटा आम्ही जपून ठेवला आहे." गुन्हा नाही, बातमी नाही, काही नाही. नव्या पोरांना त्या प्रकरणानंतर सगळ्या कंपन्यांत काय धडा मिळाला असेल याची कल्पना करता येते. धोरण बदलण्याचा नसेल. काय लिहू नये, याचा असेल.

आणि हे माझ्या किंवा भाभींच्या मुलाच्या मनाचे खेळ नाहीत. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ते मोजून दाखवलं आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले, सारख्या शिक्षणाचे आणि सारख्या वकुबाचे. फरक नावाचा. एक नाव वरच्या जातीचं हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. ६६ आठवडे, ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. पुढच्या टप्प्याला बोलावणं येण्याची शक्यता वरच्या जातीच्या नावाशी ताडून पाहिली तर दलित नावाला साधारण दोनतृतीयांश आणि मुस्लिम नावाला एकतृतीयांश निघाली. हे २००७ मध्ये छापून आलं. त्या ४,८०८ अर्जांपैकी एकही माणूस कोर्टात जाऊ शकला नसता, आणि ते अर्जदार काल्पनिक होते म्हणून असं मी म्हणत नाही. खरा अर्जदार असता तरी त्याच्या हातात काय होतं? एक न आलेला फोन. हजारो अर्ज एकत्र मांडले तेव्हा कुठे भेदभाव दिसला. एकेकटा अर्ज हातात घेतला तर ते निव्वळ दुर्दैव.

फॉर्मवरच्या त्या धर्माच्या रकान्याचंही थोडं सांगायला हवं. २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की सरकार कोणालाही कुठल्याही फॉर्मवर धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही, आणि मी कुठल्याच धर्माचा नाही असं म्हणण्याचाही हक्क माणसाला आहे. तो निकाल वाचला तेव्हा मला आमच्या टाइम ऑफिसमधले एक सहकारी आठवले. त्यांच्या वडिलांनी १९५६ नंतर दीक्षा घेतली होती. घरात बुद्धवंदना, आंबेडकर जयंतीला आम्हा सगळ्यांना खीर. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र हिंदू. वडिलांनी मुद्दामच तसं ठेवलं होतं, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधलेला होता आणि बौद्धांना केंद्राच्या पातळीवर तो मिळायला १९९० साल उजाडलं. शिखांना १९५६ मध्ये मिळाला होता. ख्रिश्चन आणि मुस्लिम दलितांना अजून नाही. तो दाखला ते कधी दाखवायचे तेव्हा हसून दाखवायचे, "हा माझा दाखल्यापुरता धर्म." म्हणजे नाव झाकायची, रकान्यात दुसरंच लिहायची युक्ती भाभींच्या मुलाने शोधलेली नाही. खुद्द शासनाच्या दाराशी लोकांनी ती फार आधी वापरली आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शॉपमध्ये मशिनं धुवून पुसून लख्ख व्हायची. कूलंटच्या वासावर झेंडूचा वास चढायचा, फरशीवर नारळाचं पाणी, कोणाच्या तरी रेडिओवर गाणी. मला तो दिवस फार आवडायचा, आजही आवडतो. तिथे एक वयस्कर टर्नर होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. स्वतःचं लेथ ते सगळ्यांच्या आधी पुसून ठेवायचे. हार त्यांचा हेल्पर घालायचा, नारळही तोच फोडायचा, चाचा दोन पावलं मागे हात बांधून उभे राहायचे, मग पेढा घ्यायचे आणि सगळ्यांना शुभेच्छा द्यायचे. त्यात त्यांना काही बोचत होतं का? मला वाटतं नव्हतं. पण हे मला वाटतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. दुसरे एक सुपरवायझर होते, ख्रिश्चन, ते दर वर्षी नेमकी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकायचे. पूजेला न येणाऱ्याला कोणी काही म्हणत नव्हतं हे खरं, आणि कोण आलं नाही हे सगळ्यांच्या लक्षात राहायचं हेही खरं. शुक्रवारचंही तसंच. आमचा जुना फोरमन चाचांना आणि आणखी दोघातिघांना दुपारी नमाजाला सोडायचा, ती मिनिटं ते शिफ्ट सुटल्यावर भरून द्यायचे. कुठे लिहिलेलं नव्हतं. फोरमन बदलला आणि नवा म्हणाला, एकाला सोडलं तर सगळे मागतील. संपलं. त्याचंही अगदी चूक नव्हतं; त्याला प्रॉडक्शनचा जाब द्यायचा होता. अमेरिकेत १९६४ च्या कायद्यात १९७२ मध्ये दुरुस्ती करून कामगाराच्या धर्मपालनासाठी शक्य तेवढी सोय करण्याचं बंधन मालकावर टाकलं. २०२३ मध्ये रविवारी टपाल वाटायला नकार देणाऱ्या एका टपालवाल्याच्या खटल्यात त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सोय नाकारायची तर धंद्यावर भरीव बोजा पडतो हे मालकाने दाखवावं. म्हणजे तिथला फोरमनही नाही म्हणू शकतो. त्याला हिशेब मांडावा लागतो, इतकंच.

नाशकातलंच आणखी एक प्रकरण. एका अनुदानित शाळेतले शिक्षक प्रार्थनेला सगळ्यांबरोबर उभे राहायचे, हात जोडायचे नाहीत. शाळेने ते बेशिस्तीत मोजलं आणि त्यांची वाढीव वेतनश्रेणी अडली. ते हायकोर्टात गेले आणि २०१३ मध्ये कोर्टाने म्हटलं की हात जोडायची सक्ती करणं हा मूलभूत हक्कांचा भंग आहे. गावात तेव्हा या प्रकरणाची बरीच थट्टा झाली. हात जोडायला काय जातं, असं माझ्या घरीही कोणी म्हणालं होतं. मला मात्र ते शिक्षक भाग्यवान वाटले, वर्षानुवर्षं पगार अडून राहिलेल्या माणसाला भाग्यवान म्हणणं विचित्र आहे तरी. शाळा अनुदानित होती म्हणून धार्मिक उपासनेची सक्ती नको म्हणणारं घटनेचं अठ्ठाविसावं कलम लागू पडलं, आणि शाळेने कारण कागदावर आणलं होतं म्हणून कोर्टाला ते तपासता आलं. शाळेने नुसतं "कामगिरी समाधानकारक नाही" एवढ्यावर भागवलं असतं तर?

हे सगळं लिहिताना मला आमच्या बाजूच्या गॅरेजवाल्याचाही विचार येतो. तो स्वतः मुस्लिम, त्याच्याकडची सगळी पोरं त्याच्याच मोहल्ल्यातली. मिठाईवाल्याकडची सगळी त्याच्या राजस्थानातल्या गावची. माझ्या कारखान्यात देवळ्याकडचा फोरमन असताना देवळ्याची भरती वाढली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. यात कोणी कोणाचा द्वेष करत नव्हतं. ओळखीतला माणूस बरा, पळून जाणार नाही, एवढाच विचार. पारशी गृहनिर्माण सोसायटीने सभासदत्व फक्त पारशांना द्यायचा नियम केला तो सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये ग्राह्य धरला, आणि निकाल वाचताना पारशांची धडधड मला कळत होती. पण प्रत्येकाने आपापल्या ओळखीतला घ्यायचा ठरवला तर ज्यांच्या ओळखीत कारखानदार नाहीत त्यांनी कुठे जायचं? महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना आणि अनुचित प्रथांच्या कायद्यात, ज्याला आम्ही 'पल्प' म्हणायचो, चौथ्या परिशिष्टात गुणवत्ता सोडून एका गटाच्या कामगारांवर मेहेरनजर करणं हीसुद्धा अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली होती. युनियनचे लोक ते कलम तोंडपाठ म्हणायचे. पण ते आत असलेल्या कामगारासाठी. गेटबाहेर फोल्डर धरून उभा असलेला माणूस अजून कामगारच नाही.

आणि संसदेला खासगी मालकावर बंधन घालता येत नाही असं मुळीच नाही. अपंगांसाठी २०१६ चा कायदा आहे, पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा. २०१७ चा एचआयव्हीबाबतचा कायदा तर मी दोनदा वाचला. त्या कारणावरून नोकरी नाकारता येत नाही. कामावरून काढायचं तर मालकाने स्वतंत्र डॉक्टरचा लेखी अभिप्राय द्यायचा, सोय का करता येत नाही हे लेखी द्यायचं, आणि दोन्हींची प्रत त्या माणसाच्या हातात द्यायची. खासगी मालकालाही! धर्माच्या बाबतीत मात्र असं काही नाही. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ चा करार, ज्यात धर्म स्पष्ट लिहिलाय, तो भारताने १९६० मध्येच स्वीकारला. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला, माधव मेनन यांच्या गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडा दिला, तो तिथेच राहिला. २०१६ चं शशी थरूर यांचं भेदभावविरोधी विधेयक सरकारचं नव्हे, एका खासदाराचं खासगी विधेयक होतं, त्याचं जे व्हायचं ते झालं, बारगळलं. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात एक युक्ती आहे जी मला सगळ्यात उपयोगाची वाटते. कामगाराने संशयाला पुरेशी जागा दाखवली की पुढे भेदभाव केला नाही हे मालकाने सिद्ध करायचं. असं झालं की तांबड्या पेन्सिलीची तिरकी रेघ पुरत नाही. आपल्याकडे असा कायदा आला तर खोटी कारणं लिहिली जातील, हे मला कळतं. लिहू देत. लिहिलेल्या खोट्या कारणाची उलटतपासणी घेता येते.

निवृत्तीनंतर मी अंबडमधल्या दोन-तीन लहान युनिटांचे पर्सोनेलचे कागद बघते. त्यातल्या एका मालकांना मी मुलाखतीच्या रजिस्टरमध्ये शेवटी एक रकाना वाढवायला लावला: न निवडण्याचं कारण, एका ओळीत. ते म्हणाले, "ताई, म्हणजे माझ्याच विरुद्ध पुरावा मीच तयार करायचा?" मी हो म्हटलं. ते हसले, पण रकाना आखून घेतला, माणूस मोकळा आहे. या दिवाळीनंतर रजिस्टर चाळलं. अनुभव कमी. पगार जास्त मागतो. ड्रॉइंग वाचता येत नाही. आणि एका नावासमोर, लांब राहतो. पत्ता बघितला, वडाळा गाव, नाशकातलीच मुस्लिमबहुल वस्ती. ज्याला घेतलं त्याचाही पत्ता बघितला, सिन्नर, शहरापासून बरंच दूर. मी दोन्ही ओळींवर बोट ठेवून विचारलं, वडाळा लांब आणि सिन्नर जवळ, हे कसं? ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, "सिन्नरवाल्याकडे बाइक आहे ना." असेलही. तशी अडचण खरीच असते, रात्रपाळीला रिक्षा मिळत नाही. मग अर्जाचा फॉर्म काढला आणि दोघांनी मिळून वरपासून खालपर्यंत वाचला. वाहन आहे का, असा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. मालकांनी चष्मा काढून पुसला, पोऱ्याला चहा सांगितला आणि म्हणाले, वडाळ्याच्या मुलाचा फोन नंबर आहे ना त्यावर?